तव्यावरून थेट आईच्या ताटात

काकूंना नमस्कार,

मी नोकरीसाठी पुण्यात असते. माहेर इंदूरचं, सुदामा नगरातलं. येत्या माघात आईला साठ पूर्ण होऊन एकसष्टावं लागतंय. आईनं सव्वीस वर्षं डबे केले. भंवरकुव्याला कोचिंगसाठी येणारी मुलं, बदली होऊन आलेले बँकेतले लोक. एके काळी रोजचे सत्तर डबे जायचे. गुडघ्यांमुळे दोन वर्षांपूर्वी तिनं ते बंद केले. एकसष्टीला मला तिला इंदुरातल्याच एका मोठ्या हॉटेलात न्यायचंय. तिथे स्वयंपाकघराच्या आतच सहा जणांचं एक टेबल आहे. शेफ समोर पदार्थ करतात, स्वतः आणून वाढतात, काय आणि कसं केलं ते सांगतात. माणशी चार हजार आणि वर टॅक्स. दादाला हे मुळीच पटलेलं नाही. तो म्हणतो, "जी बाई जन्मभर किचनमध्ये उकडून निघाली, तिला एकसष्टीला परत किचनमध्येच बसवणार? त्यापेक्षा हॉल घेऊ, शंभर माणसं जेवून जातील." बाबा म्हणतात, "घरी हिच्या हातचं असताना बाहेर कशाला?" वहिनी काहीच बोलत नाही. आई शाकाहारी आहे, सोमवार आणि एकादशी धरते, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. तिला आधी सांगू की सरप्राइज देऊ? आणखी एक वाद म्हणजे सहावी खुर्ची. आई, बाबा, दादा, वहिनी आणि मी धरून पाच जण होतात. सहावी आत्याला द्यायची की दादाच्या सासूबाईंना? डब्यांच्या दिवसांत पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशीसुद्धा आईच्या कार्यक्रमाची तारीख विचारून गेल्यात, म्हणजे हॉल घेतला तर त्याही येतील. काकू, माझं चुकतंय का?

— डबेवाल्या आईची लेक

*

प्रिय लेकी,

आधी दादाचं घेऊ. त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. सत्तर डबे म्हणजे काय, हे त्यानं लहानपणापासून बघितलंय. पहाटे चारला पेटणारा गॅस, मे महिन्यात ओट्यापाशी पाठीला चिकटलेलं ब्लाउज, शेवटचा डबा गेल्याशिवाय न मिळणारा चहा. आईला आता तरी त्या धगीपासून लांब ठेवावं असं मुलाला वाटतं, यात तिच्याबद्दलची माया आहे. बोलताना सुरुवात तिथूनच कर. "तुला कळत नाही" असं म्हणून तोंड उघडलंस, तर तो हॉल ठरवून मोकळा होईल.

मग त्याला एवढंच विचार, की आईनं तव्यावरून उतरलेली पोळी शेवटची कधी खाल्ली?

हाच प्रश्न मी एकदा आमच्या घरात विचारला होता, माझ्या सासूबाईंबद्दल. कोणालाही उत्तर देता आलं नाही, मलाही नाही. तव्यावर पोळी टम्म फुगते, उचलताना कडेला बारीक भोक पडून वाफ सुटते, तूप टाकलं की ते क्षणात पसरतं आणि पदर नुसत्या बोटानं सुटे होतात. तीच पोळी डब्यात दहा मिनिटं राहिली की वाफ धरते, पदर एकमेकांना चिकटतात, कड चिवट व्हायला लागते. डब्याला चार पोळ्या धरल्या तरी तुझ्या आईच्या हाताखालून रोज दोनशे ऐंशी पोळ्या भाजून निघाल्या. स्वतः मात्र दुपारी तीनला ती डब्याच्या तळची खायची, नाहीतर फुगली नाही म्हणून बाजूला काढलेली. तू हे पत्रात लिहिलेलं नाहीस. पण स्वयंपाक करणाऱ्या इतक्या बायकांना मी असंच जेवताना पाहिलंय, की लिहायची गरजही पडली नाही.

दादा "परत किचनमध्येच बसवणार?" असं विचारतो. अरे, ती किचनमध्ये बसली कधी? सव्वीस वर्षं उभी होती. बसलो ते आपण. जुन्या घरांत चुलीपुढेच पाट मांडायचे आणि ज्याचा पाट चुलीच्या जवळ, त्याच्या ताटात पहिली भाकरी पडायची. स्वयंपाकघरात बसून गरम गरम जेवायचं हे सुख आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. ज्या बाईमुळे ते चालत आलं, तिच्या वाट्याला तेवढं आलं नाही. हॉल घेतलात तर काय होईल, तेही मी सांगते. आई दारात उभी राहून नमस्कार घेईल, प्रत्येक पंगतीत "काही कमी नाही ना?" विचारत फिरेल आणि शेवटी साडेतीनला, गार जिलेबी आणि आंबट झालेला मठ्ठा घेऊन, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसेल. तू ठरवलेल्या टेबलाशी मात्र तिला उठायला कारणच मिळणार नाही. म्हणून सांगते, तुझं चुकत नाहीये.

इंदूरकराला तर हे समजावून सांगायलाच नको. सराफ्यात रात्री सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे कढया लागतात. आपण कढईसमोर उभे राहून भुट्ट्याचा कीस घेतो, थंडीत गराडूच्या कंदाचे तुकडे दुसऱ्यांदा तळून निघेपर्यंत हात चोळत थांबतो, वर जिरावण मसाला पडला की तिथेच तोंडात टाकतो. करणाऱ्यात आणि खाणाऱ्यात फार तर हातभर अंतर असतं. याच्या अगदी उलट बघायचं तर लालबागला जा. १८८६ ते १९२१ या काळात होळकरांनी बांधलेल्या त्या राजवाड्याचं स्वयंपाकघर कान्ह नदीच्या पलीकडच्या काठावर होतं आणि तिकडून वाड्यात यायला नदीखालून भुयार होतं. दिवाणखान्यातली झुंबरं बघताना लोक माना वर करतात. मला तिथे गेलं की दर वेळी त्या भुयाराचीच आठवण होते. एवढं चालून येईपर्यंत फुलक्याची वाफ कुठे राहत असेल!

हॉटेलवाले तुझ्या त्या टेबलाला शेफ्स टेबल म्हणतात, कोणी किचन टेबल म्हणतात. शिकागोत चार्ली ट्रॉटर यांचं १९८७ ते २०१२ या काळात गाजलेलं रेस्टॉरंट होतं. तिथे थेट स्वयंपाकघरात एक टेबल मांडलेलं असायचं आणि त्यासाठी लोक वाट बघायचे. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला बारा जणांनाच बसता येईल असं 'पापाज' आहे, सगळे शेफसमोरच्या काउंटरला बसतात. दादाला हे सांगायचं ते एवढ्यासाठी, की ही जागा मानाची समजली जाते. त्याला 'किचन' या शब्दात घाम दिसतो. तिथे तो शब्द पाटाच्या मानासारखा वापरतात.

पण मानाची जागाही बेचव होऊ शकते. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मुलांनी आम्हाला मुंबईत अशाच एका टेबलाशी नेलं. हौशीनं केलं, पण आधी जाऊन कोणी बघितलं नव्हतं. मी पैठणी नेसून गेले. पाठीमागे भांडी धुण्याची जागा, समोर ग्रिल. पाऊण तासात पदर घामानं ओला झाला. बसायला उंच स्टूल, पाय लोंबकळत. एक्झॉस्टचा आवाज एवढा, की ह्यांना शेफचं एक वाक्य ऐकू आलं नाही आणि ते प्रत्येक पदार्थाला नुसती मान हलवत होते. मी चतुर्थीचा उपास रात्री सोडायचा म्हणून दिवसभर काही खाल्लं नव्हतं, आणि पहिली बशी आली त्यात होता बिटाचा एक गोल काप आणि त्यावर फेस. ती रात्र मी विसरलेले नाही. तुझ्या आईच्या वाट्याला त्यातलं काहीही येऊ नये, म्हणून पुढचं सगळं जरा बारकाईनं लिहितेय.

तुला पुण्याहून एक फेरी वाढवावी लागेल, ती वाढव. दुपारी चार वाजता, किचन रिकामं असताना टेबल बघण्यात अर्थ नाही. रात्री आठ-साडेआठला, ऐन गर्दीत जा आणि त्या टेबलाशी दहा मिनिटं नुसती बसून राहा. गरम किती होतं, धूर डोळ्यात जातो का, वाऱ्याची व्यवस्था आहे का. मागे भांडी आपटत नाहीत ना. खुर्चीला पाठ आणि हात आहेत ना, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना हातच लागतात. फरशी ओली राहते का, आणि टेबलापासून बाथरूमपर्यंत जायचं तर चुलींमधून वाट काढावी लागते का. आईला त्या दिवशी महेश्वरी नेसव. हलकी असते, सुटसुटीत असते आणि आपल्या मातीतली. चपला पकड असलेल्या.

शाकाहाराचं नीट बोलून घे. "आम्ही व्हेज" एवढ्यानं भागत नाही. एक म्हणजे, मोठ्या रेस्टॉरंटात व्हेज दिसणाऱ्या गोष्टींतही बाकीचं लपलेलं असतं: सूप कोंबडीच्या स्टॉकवर केलेलं, गोड पदार्थात जनावरांच्या हाडा-कातड्यातलं जिलेटिन, पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, वूस्टरशर सॉसमध्ये मासळी. नाव घेऊन विचार, शेफ लोकांना याचं वाईट वाटत नाही. दुसरं कोणाच्याच लक्षात येत नाही. उघड्या किचनमध्ये खाणं जसं दिसतं तसं कापणंही दिसतं. आईच्या बरोबर समोर कोणी मासा साफ करायला घेतला तर तिचा पुढचा घास उतरणार नाही, आणि ती तोंडानं काही बोलणारही नाही. मोठ्या किचनमध्ये प्रत्येक कामाचं ठाणं वेगळं असतं. ऑग्युस्त एस्कॉफिए या फ्रेंच शेफनं शंभरावर वर्षांपूर्वी लावून दिलेली ती घडी आजही जगभर चालते. गार पदार्थांचं, सॉसचं, ग्रिलचं, गोडाचं, आणि आपल्याकडे शिवाय तंदूरचं. तेव्हा आईची खुर्ची अशी ठेवायला सांग, की तिच्यासमोर गोडाचा विभाग आणि पास येईल.

पास म्हणजे तयार थाळ्या बाहेर जाण्याआधी जिथे थांबतात तो कट्टा. माझा भाचा सात वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये आहे, त्याच्या भाषेत पास म्हणजे किचनचा देव्हारा. मशीनमधून केओटीची, म्हणजे ऑर्डरची, चिठ्ठी कुरकुरत निघते, शेफ ती मोठ्यानं वाचतो, चार कोपऱ्यांतून "येस शेफ" येतं आणि पुन्हा सगळ्यांच्या माना खाली. थाळी पासवर आली की शेफ घडी घातलेलं ओलं फडकं घेतो, बशीच्या कडेवर अंगठ्याएवढा सॉसचा ठिपका असेल तो पुसतो, दिव्याखाली बशी फिरवून बघतो, मग सोडतो. आईला हे नक्की बघू दे. डब्याला झाकण लावायच्या आधी कडेला ओघळलेली आमटी तिनं किती हजार वेळा पुसली असेल! इतकी वर्षं जे ती एकटीनं, कोणाचं लक्ष नसताना करत आली, तेच इथे पांढरा कोट घातलेला माणूस सगळ्यांसमोर करतोय, हे तिला सांगायला लागणार नाही. तिचं तिला दिसेल.

हॉटेलशी बोलताना शेफला दोन मिनिटं फोनवर माग. बुकिंग घेणाऱ्या मुलीला "बर्थडे आहे" एवढंच कळवलंस तर केक येईल आणि चार वेटर टाळ्या वाजवतील. शेफला सांग: माझी आई सव्वीस वर्षं डबे चालवायची, रोजचे सत्तर. कोणत्याही किचनमधल्या माणसाला हा आकडा ऐकून तिच्याकडे बघावंसं वाटेल. आणि सांग, की माहिती हिंदीत द्या. अशा ठिकाणी पदार्थाची ओळख इंग्रजीत करून द्यायची सवय असते, मग आई हसून मान डोलावते आणि मुलं तिला मराठीत भाषांतर करून देत बसतात. ती शेफशी थेट बोलली पाहिजे.

आईच्या डब्यातली भाजी शेफला करायला लाव, असं तुला कोणी तरी सुचवेल. ऐकायला छान वाटतं, पण तसं करू नकोस. तिची भरली वांगी दुसऱ्यानं केलेली समोर आली, की ती जेवणार नाही, तपासणार. कूट जाडसर राहिलं, गूळ जास्त झाला, आणि वर त्या पोराचं मन मोडू नये म्हणून "छान झालंय" म्हणणार. त्यापेक्षा तिला येत नाही असं काही तरी तिच्यासमोर होऊ दे. चॉकलेट टेंपर करायला लावा. काळं चॉकलेट पंचेचाळीस-पन्नास अंशांना वितळवायचं, हलवत हलवत सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत खाली आणायचं, पुन्हा एकतीस-बत्तीसला चढवायचं. हे जमलं तर ते चकचकीत घट्ट होतं आणि मोडताना टक्‌ असा आवाज येतो, बिघडलं तर वर पांढुरकी साय आल्यासारखं दिसतं. शेफ ते थर्मामीटर लावून करेल. आणि आई, जिनं आयुष्यभर एकतारी आणि गोळीबंद पाक दोन बोटांत धरून ओळखला, ती त्या काचेच्या नळीकडे कुतूहलानं बघेल. मला खात्री आहे, ती त्याला पाकाबद्दल काही तरी सांगेल. तिथे मध्ये बोलू नका कोणी. साखरेमुळे तुकडा नखाएवढाच चाखेल ती, तेवढा पुरे.

साखरेवरून आठवलं. असं जेवण अडीच-तीन तास चालतं, आणि एकामागून एक लहान लहान बशा येतात. मधुमेहाच्या काही गोळ्या जेवणाच्या वेळेला बांधलेल्या असतात. गोळी पोटात गेली आणि जेवण लांबलं तर साखर खाली येते. आईच्या डॉक्टरांना वेळापत्रक सांगून त्या रात्री गोळी कधी घ्यायची ते विचारून ये. हॉटेलला संध्याकाळी सातची वेळ माग, आणि बसल्या बसल्या दहा मिनिटांत पोटात जाण्यासारखं काही तरी द्या, हे लिहून दे. दहा-बारा कोर्सचं जेवण घेऊ नका, सहा पुरेत. शेवटी दोन घास दहीभात किंवा वरणभात मिळेल का, तेही विचार. बाबांसाठी विचार, कारण फेस आणि पाकळ्या खाऊन घरी आल्यावर फ्रिज उघडणारे पहिले तेच असतील.

सरप्राइज देऊ नकोस. आईच्या वयाच्या बाईला सरप्राइज म्हणजे बहुतेकदा गैरसोय असते: साडेसहाला थोडं खाऊन घेतलेलं, घरातली साधी साडी, आणि हॉटेलच्या दारात पोचल्यावर "अगं, सांगायचं तरी". आठ दिवस आधी सांग. कुठे जायचंय, कुठे बसायचंय, सगळं. ती आधी "कशाला एवढा खर्च" म्हणेल, मग चार दिवस शेजारणींना सांगेल, आणि ते सांगणंही एकसष्टीतच धरायचं. आपण काही तरी बघायला जाणार आहोत, आपल्याच कामातलं, अशी तिची तयारी होऊ दे. मनातून तिला खरंच नको असेल तर तेही या आठ दिवसांत कळेल, आणि मग तिचं ऐकायचं. मी काय लिहिलंय ते दाखवून तिला पटवत बसू नकोस.

दिवस मंगळवार ते गुरुवारमधला घे. शनिवारी शेफला मान वर करायला वेळ नसतो. सोमवार तर आपोआपच गेला. माघात जया आणि विजया अशा दोन एकादश्या येतात, पण इंदुरात बाजारात मिळणारं हिंदी पंचांग कृष्ण पक्षाचा महिना वेगळा धरतं, म्हणून महिन्याचं नाव न बघता इंग्रजी तारखेवरून खात्री कर. तिथीनं वाढदिवस करायचा असेल तर त्या दिवशी सकाळी घरी औक्षण करा, देवापुढे गोडाचा नैवेद्य ठेवा, आणि हॉटेलचं दुसऱ्या सोयीच्या दिवशी ठेवा.

पैशाचं थोडक्यात. सहा जणांचे चोवीस हजार. हॉटेलात खोल्यांचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर असेल तर रेस्टॉरंटच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे एकूण २८,३२०. एरवी ५ टक्के, म्हणजे २५,२००. कोणता लागणार ते बुकिंगच्या वेळीच विचार. वर सेवाशुल्क लावलं तर ते सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तशी सूचना काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. बक्षीस द्यायचं ते आपल्या मनानं, आणि द्यायचं झालं तर किचनमधल्या मुलांपर्यंत पोचेल असं बघ. आगाऊ रक्कम किती, आणि आईची तब्येत बिघडली तर तारीख बदलून मिळेल का, हे लेखी घे.

आता बाबा. "घरी हिच्या हातचं असताना बाहेर कशाला?" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय, माझ्या वडिलांकडून, ह्यांच्याकडून, आणि ते कौतुकानं म्हटलेलं असतं यात शंका नाही. पण त्याचा हिशोब कर ना. बाबांना तिच्या हातचं मिळतं. तिला कोणाच्या हातचं मिळतं? बाबांशी वाद घालू नकोस. त्यांना एक काम दे. त्या रात्री आईच्या शेजारी बसायचं आणि ती उठायला लागली तर तिच्या हातावर हात ठेवायचा. कारण ती उठणार. कोणी पोरगा कोथिंबीर चुकीची निवडताना दिसला, की तिचे पाय आपोआप जमिनीला टेकणार.

वहिनीबद्दल तू अर्धी ओळच लिहिलीस, आणि मला सगळ्यात जास्त वेळ तीच ओळ खुपत राहिली. डबे बंद होऊन दोन वर्षं झाली, आईचे गुडघे गेले. मग आता सुदामा नगरच्या घरात तव्यापाशी कोण उभं असतं? ती कशाबद्दल बोलणार! एकसष्टी सासूबाईंची आहे, तिथे आपलं काय सांगायचं, असं तिला वाटत असणार. तिला जाऊन विचार, बाजूला घेऊन, दादासमोर नको: "वहिनी, तुला काय वाटतं?" आणि त्या रात्री तिला आईच्या दुसऱ्या हाताला बसव. टोकाच्या खुर्चीत नको, जिथून पाण्याचे ग्लास सरकवावे लागतात.

आणि सहावी खुर्ची. आत्या आणि सासूबाई दोघीही रागावतील तर रागावू देत. दोघींना सकाळी औक्षणाला बोलवा, गोडधोड करा. खुर्ची पोळ्या लाटणाऱ्या मावशींना दे. तू त्यांचं नाव हॉलच्या यादीत घालून पुढे गेलीस, पण त्या दोनशे ऐंशी पोळ्या एकट्या आईच्या नव्हत्या. एकीनं लाटायच्या, दुसरीनं भाजायच्या, आणि दोघींनी उरलेल्या खायच्या. आईला त्या टेबलाशी जे दिसेल ते तुम्हा पाचांपैकी कोणालाही पूर्ण कळणार नाही. मावशींना एका नजरेत कळेल. मात्र त्यांना आधी भेटून विचार, आग्रह करू नकोस, मोठ्या हॉटेलात जायचा त्यांना संकोच वाटला तर आई स्वतः विचारू दे. न्यायला-आणायला गाडी पाठव. पुण्याहून एक साडी आईला आणशील तेव्हा दुसरी त्यांना आण, त्याच तोलाची.

शेफकडे एक गोष्ट मागून घे. मेनूत नसेल, तरी माग. सगळ्या बशा झाल्या, दहीभाताच्या आधी, एक तवा आणि साध्या कणकेची घडीची पोळी. किचनमध्ये कोणाला ती जमत नसेल तर फुलका चालेल. सजवायची नाही, वर पाकळी नको, सॉसचा ठिपका नको. तव्यावरून उचलून, मध्ये कुठेही न टेकवता, आधी आईच्या ताटात आणि लगेच दुसरी मावशींच्या. वर तूप. तेव्हा फोटोबिटो काढायला उठू नका, शेफनाही काही सांगू देऊ नका. ती गरम आहे तोवर दोघींना खाऊ द्या.

— काकू